सायमा कोर्पेलाची स्वच्छ पिशवी

साखरेचा खडा दातांत धरून ती कॉफी प्यायची, कपातून नाही, बशीतून. फोन वाजला की आधी रेडिओ बंद करायची, मग केसांवरून हात फिरवायची, मग उचलायची. घराबाहेर पडताना शेगडीला हात लावून बघायची. तीनदा. मांजराशी फिनिशमध्ये बोलायची, माणसांशी इंग्रजीत, आणि गेलेल्या नवऱ्याशी अजिबात नाही. त्याचे बूट मात्र रोज घालायची. रस्त्यावरून पिवळी बस गेली की घड्याळ बघायची आणि म्हणायची, "चार मिनिटं उशीर." कपडे धुवायचं यंत्र बिघडलं तर दुरुस्तीवाला यायच्या आधी ते घासूनपुसून ठेवायची.

तो दुरुस्तीवाला मला म्हणाला होता, "तुमच्या गावात एकही मळकं यंत्र बघितलं नाही मी. बंद पडलेली सगळी चकचकीत."

सायमाने एकतीस वर्षं टॅमरॅकच्या, म्हणजे आमच्या गावच्या, शाळेची बस चालवली. मी त्या बसमध्ये तिच्या मागच्या बाकावर बसायचे, कारण वळणांवर मला मळमळायचं. मी चौथीत असताना ती निवृत्त झाली. मी मार्केट नावाच्या शहरात कॉलेजला जाऊन साहित्य शिकले, परत आले, गावच्या वाचनालयात आठवड्याचे तीन दिवस काम धरलं आणि तिच्या समोरचं घर भाड्याने घेतलं. पहिल्याच दिवशी ती रस्ता ओलांडून आली. हातात वेलदोड्याचा पाव.

"काय शिकलीस?"

"साहित्य."

"म्हणजे वाचायला? ते तुला बसमध्येच येत होतं की."

तेव्हापासून ती मला प्रोफेसर म्हणायची. ती त्र्याऐंशीची होती, मी सत्तावीसची. माझी दुसरी मैत्रीण गावात नव्हती.

गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी शेरीफच्या माणसाने माझं दार वाजवलं. त्याच्या गाडीत सायमा बसली होती. कोट नीट, टोपी नीट. ती पहाटे गाडी काढून जुन्या शाळेपाशी गेली होती आणि इंजिन चालू ठेवून तासभर थांबली होती. पोरं का येत नाहीत म्हणून. ती शाळा बंद होऊन नऊ वर्षं झाली आहेत. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या आहेत.

"टेस, याला सांग," ती मला म्हणाली, "मी कधी कुणाला सोडून गेलेली नाही."

मी गाडीचं दार उघडलं आणि तिला उतरवून घेतलं.

तिचा मुलगा रेमंड ग्रीन बे शहरातून आला. गाडीची किल्ली घेऊन गेला. आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरने पंधरा मिनिटं तिला बघितलं आणि स्मृतिभ्रंश असा शब्द लिहून दिला. तो डॉक्टर नवा होता. आमच्याकडे डॉक्टर नवाच असतो. कोर्पेला नीट म्हणता यायला लागेपर्यंत त्याची बदली होते.

रेमंडने ग्रीन बेमध्ये एक खोली बघून ठेवली. विसरणाऱ्या लोकांसाठी असलेल्या घरातली. दाराला आकड्यांचं कुलूप. एक एप्रिलपासून.

"मांजर चालत नाही तिथे," सायमा म्हणाली. एवढंच म्हणाली.

मी रेमंडला फोन केला. तो वाईट माणूस नाही. घाबरलेला होता.

"रे, म्हाताऱ्या माणसांचे वेगळे डॉक्टर असतात. एकदा तशा डॉक्टरला दाखवू. तो म्हणाला की स्मृतिभ्रंश आहे, तर मी स्वतः तिची बॅग भरेन."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर ती इथेच राहील."

"एक एप्रिल, टेस. त्यापुढे मी खोली धरून ठेवू शकत नाही."

मग शोध सुरू झाला. वाचनालयाच्या संगणकावर मी आमचा जिल्हा टाकला आणि वृद्धांचे डॉक्टर असं लिहिलं. यादीत पहिला आला तो लहान मुलांचा डॉक्टर. दुसरे एक वारले होते. तिसरा नंबर जनावरांच्या दवाखान्याचा निघाला. म्हाताऱ्या कुत्र्यांची खास काळजी घेतात म्हणे.

"तोच चालेल," सायमा म्हणाली. "माझेही केस गळतातच. आणि बिस्किट देतात शेवटी."

"गप गं."

"नाही पण मला सांग, म्हाताऱ्यांचा डॉक्टर वेगळा असतो, तर मग तो परवाचा माझ्याकडे बघून काय बघत होता?"

खरा डॉक्टर होता तो मार्केटला, शंभर मैलांवर. नवे रुग्ण घेणं बंद. त्याच्यापुढचा ग्रीन बेला, म्हणजे रेमंडच्या दारात. तिकडे जायला सायमा तयार नव्हती. "एकदा तिकडे गेले की मला परत कोण आणतंय," ती म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

शेवटी पत्ता दिला तो दुपारची जेवणं घरोघर पोचवणाऱ्या म्हाताऱ्या ड्रायव्हरने. पलीकडच्या गावात, चाळीस मैलांवर, बंद पडलेल्या बँकेच्या इमारतीत एक बाई बसतात. डॉक्टर बोडीन. दर दुसऱ्या मंगळवारी. फक्त म्हाताऱ्यांना बघतात. इंटरनेटवर त्यांचं नावच नव्हतं. तिथे जाणाऱ्या कुणाला इंटरनेट लागत नव्हतं.

मी फोन लावला. सायमा शेजारी कान लावून बसली.

"आठ महिने," पलीकडची बाई म्हणाली.

सायमाने माझ्या हातातून फोन घेतला. "आठ महिने? अहो, मी त्र्याऐंशीची आहे. मधेच मेले तर?"

"तसंच तर नंबर लागतात आमच्याकडे, ताई," ती बाई शांतपणे म्हणाली. "मधूनमधून जागा होतात. तुमचं नाव घेऊन ठेवू?"

सायमा आधी थक्क झाली. मग इतकी हसली की तिला बसावं लागलं. "ही बाई मला आवडली," ती म्हणाली.

फेब्रुवारीत फोन आला. जागा झाली होती. कशी झाली ते आम्ही विचारलं नाही.

"पुढच्या मंगळवारी," ती बाई म्हणाली. "आणि एका पिशवीत सगळं घालून आणा. पोटात जे जे जातं ते सगळं. डॉक्टरांनी दिलेलं, न दिलेलं, जुनं, नवं. लाज वाटते तेही."

सायमाने ते कागदावर उतरवून घेतलं. मी बघितलं होतं. सगळं, असं लिहून तिने खाली रेघ मारली होती.

सोमवारी संध्याकाळी तिने परसातली सौना, म्हणजे वाफेच्या आंघोळीची लाकडी खोली, तापवली. डॉक्टरकडे जायचं तर वाफेत बसून, बर्चच्या डहाळ्यांनी अंग झोडून स्वच्छ होऊनच जायचं, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही. तिने ब्लाउजला इस्त्री केली. नखं कापली. मंगळवारी सकाळी मी गाडी घेऊन गेले तेव्हा ती दारात उभी होती आणि हातात घडी पडलेली, कोरी, पांढरी कापडी पिशवी होती.

डॉक्टर बोडीन साठीच्या पुढच्या होत्या. बुटकी बाई. पायात बर्फातले बूट. त्यांनी पिशवी टेबलावर रिकामी केली. पाच बाटल्या. पाचही बाटल्या साबणाने धुतलेल्या. एकीवरचं नाव धुण्यात अर्धं गेलेलं.

"तीस वर्षांत इतक्या स्वच्छ बाटल्या मी बघितल्या नाहीत," डॉक्टर म्हणाल्या.

"मग!" सायमा म्हणाली.

आम्ही तिघी हसलो. डॉक्टर सगळ्यांत आधी थांबल्या.

"एवढंच घेता तुम्ही? सगळं?"

"एवढंच."

"झोपेसाठी काही?"

"झोपेसाठी उशी."

"दुकानातून आणलेलं? चिठ्ठीशिवाय मिळणारं काही?"

"कॉफी."

डॉक्टर माझ्याकडे वळल्या. "तुम्ही रोज यांच्याकडे जाता ना? आणखी काही आहे का?"

सायमाने माझ्याकडे बघितलं नाही. ती आपल्या हातमोज्यांकडे बघत होती.

"नाही," मी म्हणाले. "एवढंच."

मी खोटं बोलत नव्हते. मला तेव्हा तसंच वाटत होतं.

मग तपासणी दीड तास चालली. एवढा वेळ कुणा डॉक्टरने कुणाला दिलेला मी बघितला नव्हता. डॉक्टरांनी तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावलं, दारापर्यंत चालून परत यायला लावलं. उभी राहताना तिचा तोल एकदा गेला. जीभ बघितली. डोळ्यांत उजेड टाकला. तीन शब्द सांगितले, मग बसच्या गोष्टी विचारल्या, मग ते तीन शब्द परत मागितले. सायमाला एक आठवला. शेवटी कागदावर गोल काढून दिला आणि त्यात घड्याळाचे आकडे भरायला सांगितले.

तिने सगळे आकडे उजव्या बाजूला भरले. एकावर एक. डावी बाजू रिकामी राहिली. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि ते बघत बसली.

"मला याला अजून नाव द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काहीतरी जुळत नाहीये. जीभ कोरडी आहे, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आहेत, तोल जातो. या पाच गोळ्यांनी हे होत नाही. मिसेस कोर्पेला, मी तुमच्या घरी आले तर चालेल?"

सायमाचं तोंड उघडंच राहिलं.

"घरी? डॉक्टर?"

"मार्चच्या पहिल्या गुरुवारी. रस्ता मोकळा असेल तर."

"आम्ही रस्ता साफ करू," सायमा म्हणाली.

डॉक्टरांनी तिथूनच रेमंडला फोन केला आणि गुरुवारपर्यंत काही ठरवू नका म्हणून सांगितलं. निघताना फोनवरच्या त्याच बाईने सायमाच्या हातात एक कागद दिला. वीस रिकाम्या ओळी. पोटात जे जाईल त्याचं नाव लिहायचं, बाटलीवर असेल तसं. डॉक्टर घरी येतील तेव्हा तो हवा.

परतीच्या वाटेवर तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग म्हणाली, "घड्याळ चुकलं ना?"

"हो."

"एकतीस वर्षांत मी एक मिनिट उशीर केला नाही, टेस."

"माहीत आहे मला. मी बसमध्ये होते."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिने घर साफ करायला घेतलं. डॉक्टर घरी येणार होत्या. पडदे उतरवले. शेगडीमागची भिंत धुतली. मी म्हटलं, "सायमा, त्यांना घर नाही बघायचं, तुला बघायचंय." ती म्हणाली, "मी घरातच असणार ना? मग दोन्ही दिसणार."

मंगळवारी रात्रभर बर्फ पडलं. बुधवारी दहा वाजता मी तिच्याकडे गेले. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. मांजर उंबऱ्यावर बसलं होतं आणि बाहेर बघत होतं.

सायमा परसात पडली होती. सौना आणि घर यांच्या मधोमध. नवऱ्याचे बूट पायात. तोंड घराकडे.

मी तिला हाक मारली. मग हात लावला. मग पुन्हा हाक मारली, कारण हात लावल्यावर कळलेलं मला मान्य नव्हतं.

तिच्या शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उलटा झाला होता. त्यातल्या बाटल्या बर्फात रुतल्या होत्या. एक फुटून तिच्यातल्या गोळ्या विखुरल्या होत्या. निळ्या. बर्फावर त्या फार निळ्या दिसत होत्या.

त्या मी आणल्या होत्या.

दर महिन्याला. मांजराचं खाणं, कॉफी, साबण आणि झोपेच्या त्या निळ्या गोळ्या. ती यादी द्यायची, मी दुकानातून आणायचे. त्यांना चिठ्ठी लागत नाही. त्या साबणाच्या फळीशेजारी असतात. दोन वर्षं मी त्या माझ्या हाताने पिशवीत टाकत होते आणि डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं तेव्हा मला त्या आठवल्या नाहीत असंही नाही. त्या मला औषध वाटल्याच नव्हत्या.

दुसऱ्या बाटल्यांवर आर्वोचं नाव होतं. तिचा नवरा. लघवी रोखायच्या त्याच्या गोळ्या. टपालाने यायच्या, तीन महिन्यांच्या एकदम. तो गेल्यावरही वर्षभर येत राहिल्या, कारण तो गेल्याचं गोळ्या पाठवणाऱ्या दुकानाला कुणी कळवलं नव्हतं. सायमाने त्या फेकल्या नव्हत्या. आमच्याकडे कुणी काही फेकत नाही. तिलाही म्हातारपणी तोच त्रास होता, म्हणून ती त्या घेत होती. मला हे माहीत नव्हतं. रेमंडलाही नाही.

पिशवी भरायच्या आधी तिने हे सगळं सौनात नेऊन ठेवलं होतं, लाकडांमागे. लपवलं म्हणता येणार नाही. पाहुणा येणार म्हणून आवरलं होतं.

शेरीफचा तोच माणूस आला. त्याने टोपी काढली. बर्फात पावलांच्या दोन रांगा होत्या. एक दारापासून सौनापर्यंत. दुसरी सौनापासून अर्ध्या वाटेपर्यंत.

"घेऊन चालली होती कुठे?" त्याने विचारलं.

"आत," मी म्हणाले. "आत आणत होती."

डॉक्टरांना कळवायचं कुणालाच सुचलं नाही. गुरुवारी अकरा वाजता त्यांची गाडी सायमाच्या दारात उभी राहिली. मी तिथेच होते, मांजराला खायला घालत. मी दार उघडलं आणि त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रस्ता छान साफ केलाय." मग त्यांनी माझा चेहरा बघितला.

मी सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. कोट काढला नाही. मग म्हणाल्या, "तो डबा दाखवता?"

मी गोळा करून ठेवला होता. त्यांनी एकेक बाटली उचलली, डोळ्यांजवळ नेली, वाचली, खाली ठेवली. निळ्या गोळ्यांच्या बाटलीपाशी थांबल्या.

"या कोण आणत होतं?"

"मी."

त्यांनी मला जवळ घेतलं नाही, की असू दे म्हटलं नाही. बाटली टेबलावर ठेवली, आर्वोच्या बाटलीच्या बाजूला.

"या दोन्ही एकत्र," त्या म्हणाल्या. "रोज. किती दिवस?"

"दोन वर्षं. निदान निळ्या तरी."

"विसरायला होतं. तोंड सुकतं. उठताना तोल जातो." त्यांनी निळ्या गोळ्यांची बाटली पुन्हा उचलली. "शाळेपाशी जाऊन पोरांची वाट बघण्याइतकंही होऊ शकतं."

मी शेगडीला टेकले. "म्हणजे तिला स्मृतिभ्रंश नव्हता?"

"माहीत नाही. या गोळ्या हळूहळू बंद केल्या असत्या, मग तिला परत तो गोल काढून दिला असता. मग कळलं असतं. मला सहा आठवडे हवे होते."

"एक एप्रिलच्या आत झालं नसतं."

"मी तिच्या मुलाशी बोलले असते," डॉक्टर म्हणाल्या. "त्याने ऐकलं असतं. मुलं ऐकतात, कुणी नीट सांगितलं तर."

रेमंड त्या दुपारी पोचला. डॉक्टर त्याच्यासाठी थांबल्या. त्याला सगळं पुन्हा सांगितलं, हळू आवाजात. तो भिंतीकडे बघत राहिला, त्या धुतलेल्या भिंतीकडे. मग त्याने मला विचारलं, "तिला कळलं होतं का, की तिला काय होतंय?"

टेबलावर साखरेच्या भांड्याखाली डॉक्टरांकडचा तो वीस ओळींचा कागद होता. मी बुधवारीच वाचला होता. आता तो मी त्याच्या हातात दिला. तिचं अक्षर मोठं, बसच्या नोंदवहीत लिहायची तसं. बाजूला पेन पडलं होतं, टोपण न लावता.

१. सकाळी रक्तदाबाची, एक. नाव बाटलीवर आहे, थोडं धुतलं गेलं, माफ करा.

२. थायरॉइडची, एक.

३. झोपेच्या निळ्या, दोन. रविवारी तीन. टेस आणते. तिला काही बोलू नका.

४. आर्वोच्या पांढऱ्या, दिवसाला दोन. नाव

त्याखाली सोळा ओळी रिकाम्या होत्या.